काकडं की काकडी

आमच्या वडिलांचा माणसांवर विश्वास नव्हता असं नाही, पण जाहिरातींवर मुळीच नव्हता. त्यामुळे स्थानिक साप्ताहिकातली ती छोटी जाहिरात त्यांनी मला दाखवली ती इशाऱ्यासकट. ‘प्रकाशन संस्थेत शिकाऊ उमेदवार हवेत. मराठी चांगले हवे. काम शिकवले जाईल.’ शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “आजच्या काळात कोण कुणाला फुकट शिकवतं? काहीतरी भानगड असणार. बघ बाई, जायचं तर जा.”

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गिरगावातली जागा सोडून आम्ही नव्या पनवेलला राहायला आलो होतो. वडील सकाळी अंधारातच एसटीने मुंबईला कामावर जायचे. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी बसले होते. पनवेल अजून आमचं झालं नव्हतं. दूधवाला पाणी घालतो, रिक्षावाला मुद्दाम लांबून नेतो, भाजीवाली वजनात मारते, असं आमच्या घरात रोज बोललं जायचं. त्यातलं बरंचसं खोटं असायचं, पण नव्या जागी संशय घेतला की आपण शहाणे आहोत असं वाटतं.

कचेरी जुन्या पनवेलात, टपाल नाक्याच्या मागच्या एका बोळात होती. खाली छापखाना, वर प्रकाशन. मालकांनी मला फारसं काही विचारलं नाही. एक उतारा वाचायला दिला, माझ्या उच्चारांवर मान डोलावली आणि म्हणाले, “सर शिकवतील.”

सर म्हणजे मालकांचे संपादक. उमेदीची सगळी वर्षं मुंबईतल्या मोठ्या छापखान्यांमध्ये घालवून, बायको गेल्यावर ते पनवेलला बहिणीच्या शेजारी येऊन राहिले होते. किडकिडीत माणूस, कायम इस्त्रीचा सदरा, खिशाला लाल पेन. मालकांकडे येणारं प्रत्येक हस्तलिखित आधी त्यांच्या हाताखालून जायचं. हस्तलिखितांचं कपाट त्यांच्या टेबलामागे होतं आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

माझ्याबरोबर आणखी एक उमेदवार होता, ओवे गावचा. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती, घरचे त्याला खडी-रेतीच्या धंद्यात उतर म्हणून मागे लागले होते, आणि ह्याला वर्तमानपत्रात जायचं होतं. “बाप म्हणतो, कागद वाचून प्वाट भरतं का?” असं त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. सुरुवातीला मात्र तो कचेरीत फार जपून बोलायचा. प्रत्येक ‘आहे’ आणि ‘नाही’ असा उच्चारायचा, जणू कुणी मोजून घेणार आहे. खालचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, त्याच्या मागे त्याची नक्कल करायचे. ते त्याला माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हा दोघांना एकेक छापील पान दिलं. “दोघांकडे एकच पान आहे. चुका शोधा. बघू कोण जास्त काढतं.”

आम्ही जीव लावून बसलो. मी इथे स्वल्पविराम वाढवला, तिथे वेलांटी बदलली, एक शब्द जोडला, एक तोडला. त्याने माझ्याहून जास्त काढल्या, आणि ते पाहून मला वाईटही वाटलं. सरांनी दोन्ही पानं घेतली, चष्मा वर केला.

“ह्या पानात चूक नव्हती. एकसुद्धा.”

“पण सर, तुम्हीच म्हणालात की...” मी म्हणाले.

“मी म्हणालो म्हणून तुम्हाला दिसल्या. प्रूफ वाचणाऱ्याने संशय घ्यायचा, हे खरं. अक्षराअक्षराला तू कोण, कुठून आलास, हे विचारायचं. पण संशय आला म्हणजे चूक सापडली असं नाही. संशय आला की नुसती खूण करायची आणि उठून खात्री करायला जायचं. शब्दकोशाकडे जा, लेखकाकडे जा, बाजारात जा. बसल्या जागी पेन चालवायचं नाही.”

असं आमचं शिक्षण सुरू झालं. प्रूफं आम्ही जोडीने वाचायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या पानावर बोट फिरवत ऐकायचं. “पूर्णविराम. नवा परिच्छेद. अवतरण सुरू.” दिवसभर हे चालायचं. जोडीने प्रूफ वाचणाऱ्या माणसांना एकमेकांचा श्वास ओळखता येतो. तो कुठे दमतो, मी कुठे घाई करते, कुठल्या शब्दावर त्याचा ‘आहे’ सुटून ‘हाय’ होतो, हे मला कळायला लागलं होतं. महिन्याभरात आम्ही ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर आलो.

त्याच सुमारास माझ्याकडे पहिलं स्वतंत्र काम आलं. सुकापूरला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने ह्या भागातल्या रानभाज्यांवर पुस्तक लिहिलं होतं. बाईंनी वर्षानुवर्षं डोंगरपायथ्याच्या कातकरी आणि ठाकूर बायकांबरोबर हिंडून कुठली भाजी कुठे उगवते, कशी निवडायची, कशी शिजवायची हे सगळं जमवलं होतं. टाइप केलेला तो गठ्ठा सरांच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होता. मालकांचं ‘करू, करू’ चाललं होतं. शेवटी सरांनीच तो काढून माझ्यासमोर ठेवला. “छपाईसाठी तयार कर.”

त्यात शेवळांच्या भाजीच्या कृतीत एक वाक्य होतं: ‘शेवळे काकडी घालून शिजवावीत.’ मी थबकले. पनवेलला आल्यावरच्या पहिल्या जूनमध्ये आईने बाजारातून हौसेने शेवळं, पहिल्या पावसात उगवणारे ते लांबट कोंब, आणली होती आणि नुसतीच केली होती. जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांचे घसे खाजायला लागले. वडील रात्रभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते आणि भाजीवालीने विष दिलं असं म्हणत होते. सकाळी शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “अहो, काकडं नाही घातलीत?” काकडं म्हणजे आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. शेवळं विकणाऱ्या बायकांच्या टोपलीतच असतात. ती घातली की खाज मरते. काकडी घालून काहीच होणार नाही.

मी समासात खूण केली. सर म्हणाले, “खात्री?” मी काकूंना पुन्हा विचारलं, बाजारातल्या दोघी-तिघींना विचारलं, आणि मग लाल शाईने ‘काकडी’चं ‘काकडे’ केलं. सरांनी ते पाहिलं, त्याखाली स्वतःची छोटी सही केली, आणि खालच्या जुळाऱ्यांना मोठ्याने सांगितलं, “पोरीने आज लोकांचे घसे वाचवले.” त्या दिवशी मी घरी उडत गेले.

पुस्तकाचे पहिले फर्मे, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचे संच, जुळवायला घेतले होते. एका सकाळी मालक जिना चढून वर आले ते न बोलता. नेहमी जिन्यातूनच त्यांचा आवाज यायचा. त्यांनी सरांच्या टेबलावर एक पुस्तक टाकलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर त्यांना ते मिळालं होतं. ‘कोकणातील रानभाज्या’. मुंबईचा प्रकाशक. लेखकाचं नाव नाही. ‘संकलन: संपादक मंडळ’.

सरांनी चार पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. “आपलंच आहे,” ते म्हणाले. “शब्दाला शब्द.”

“इथून गेलंय,” मालक म्हणाले. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं. “इथून कुणीतरी दिलंय.”

“बाईंना विचारायला हवं,” सर म्हणाले.

“बाईंना? त्यांना काय तोंड दाखवू? त्या आयुष्यभर शिक्षिका होत्या. त्यांना कळायच्या आत चोर सापडला पाहिजे.”

त्या दिवसापासून कचेरीची हवा बदलली. संध्याकाळी निघताना मालक जिन्याजवळ उभे राहायचे आणि आमच्या पिशव्यांकडे बघायचे. उघडायला सांगायचे नाहीत, नुसते बघायचे. ते जास्त वाईट होतं. मी आपण होऊनच डबा वर काढून दाखवायला लागले. झेरॉक्सचं दुकान बोळाच्या तोंडाशीच होतं. तिथल्या माणसाशी मालक बराच वेळ बोलताना मी दोनदा पाहिले. मग मला खालून जाताना त्या दुकानाकडे बघायचीही चोरी झाली. बघितलं तर का बघितलं, आणि नाही बघितलं तर का टाळलं!

एकदा मालकांनी मला एकटीला बोलावलं. आवाज अगदी मऊ.

“तुझे वडील रोज मुंबईला जातात ना?”

“हो.”

“कुठल्या भागात?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू काही जुळलं. त्या मुंबईच्या प्रकाशकाचं दुकान वडिलांच्या कचेरीपासून लांब नाही, हे मी पुस्तकाच्या मागच्या पत्त्यावरून आधीच ताडलं होतं.

“तुझ्यावर माझा संशय नाही,” ते पुढे म्हणाले. “चांगल्या घरची आहेस. पण तो ओव्याचा. जमिनी गेल्यापासून ह्या लोकांना झटपट सगळं पाहिजे असतं. त्याच्यावर जरा लक्ष ठेव. काही दिसलं तर मलाच सांग.”

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. पण त्यानंतर प्रूफ वाचायला बसले की माझं लक्ष ओळींवरून उडून त्याच्यावर जायचं. तो दर गुरुवारी दुपारी लवकर का निघतो? सरांचं कपाट उघडं असलं की त्याची नजर तिकडे का जाते? गंमत म्हणजे तोही माझ्याकडे तसाच बघतोय असं मला वाटायला लागलं. मी पाणी प्यायला उठले की त्याचं वाचन थांबायचं. मी परत येईपर्यंत त्याचं बोट पानावर आणि डोळे दारावर. आम्ही एकमेकांना वाक्यं वाचून दाखवत होतो आणि त्या वाक्यांमागे दुसरंच काहीतरी ऐकत होतो. त्या आठवड्यात आमच्या हातून इतक्या चुका सुटल्या की सर म्हणाले, “तुम्ही दोघं प्रूफ वाचताय की एकमेकांची तोंडं?”

अखेर मलाच राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही वडाळे तळ्याच्या काठावर डबा खायचो. तिथे मी त्याला सरळ विचारलं, “गुरुवारी तू कुठे जातोस?”

त्याने घास खाली ठेवला. “तुला मालकांनी सांगितलं ना माझ्यावर लक्ष ठेव म्हणून?”

मी हो म्हटलं.

“मलाही सांगितलं,” तो म्हणाला. “तुझ्यावर. बाप मुंबईला जातो, पोरगी नवी हाय, चांगल्या घरच्या पोरींवर कुणाचा संशय जात नाय, मंग त्याच जास्त करतात. असं.” रागाने त्याची भाषा घरच्या वळणावर गेली होती आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. “मी गुरुवारी बेलपाड्याला जातो. माझी बहीण दिली हाय तिकडं. तिच्या पोरांना शिकवतो. जा, विचार जाऊन.”

“मी नाही विचारणार.”

“विचार की! सर काय म्हणतात? खात्री करायची.”

मला रडू यायला लागलं आणि हसूही. तो मात्र हसला नाही. पण उठूनही गेला नाही. थोड्या वेळाने त्याने आपल्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी माझ्या झाकणात वाढली. आम्ही मासे खातो की नाही हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. मी खाल्ली.

त्याच संध्याकाळी मी स्टॉलवरून ते मुंबईचं पुस्तक विकत घेतलं. आजवर कुणीच ते नीट वाचलं नव्हतं. सगळ्यांनी नुसतं आपलं आहे एवढंच पाहिलं होतं. मी घरी पट्टी लावून, ओळीओळीने, प्रूफ वाचावं तसं वाचायला बसले. शेवळांच्या पानावर आले आणि थांबले.

‘शेवळे काकडी घालून शिजवावीत.’

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता मुंबईकर खाजवत बसणार!” मला मात्र झोप आली नाही. आमच्या कचेरीत त्या मजकुराची एकच प्रत होती, कपाटातून निघाल्यापासून ती माझ्या टेबलावरून हलली नव्हती, आणि तिच्यावर लाल शाईने ‘काकडे’ मी केलं होतं. आमच्यापैकी कुणी ते चोरून दिलं असतं तर मुंबईच्या पुस्तकातही काकडेच आली असती. काकडी आली, म्हणजे मजकूर माझ्या हातात पडण्याआधीच बाहेर गेला होता. म्हणजे आम्ही दोघंही सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी हे त्याला सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

“आपण सुटलो,” तो म्हणाला. “पण त्याच्या आधी तो गठ्ठा कपाटात होता. आणि किल्ली?”

ते माझ्याही डोक्यात रात्रीच आलं होतं. आम्ही दोघं जिन्यात उभे होतो. वर सर खोकत होते. त्यांनी हे केलं असेल असं आम्हाला वाटत होतं का? खरं सांगायचं तर त्या दिवसांत काहीही वाटत होतं. मुंबईच्या छापखान्यांत त्यांच्या ओळखी होत्या. बाईंचं पुस्तक वर्षानुवर्षं पडून राहिलं म्हणून ते मालकांवर चिडायचे. एकदा संशयाला वाट दिली की तो सगळीकडून पुरावे गोळा करून आणतो.

“आधी सरांनाच सांगू,” तो म्हणाला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पुस्तक मागून घेतलं, ते वाक्य स्वतः वाचलं, बोटाने त्या वेलांटीवर जरासं घासलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “चांगलं पकडलंस.”

“पण सर, हे मालकांना सांगितलं तर ते तुमच्यावर...”

“मग काय, नाही सांगणार? मला विचारून ठरवणार का, काय खरं ते? जा, सांग.”

आम्ही जाऊन सांगितलं. मालकांनी दोनदा समजावून घेतलं, कारण पहिल्यांदा त्यांना काकडं आणि काकडीतला फरकच कळेना. मग कळलं. ते उठून सरांच्या टेबलाशी गेले. आम्ही दारात उभे होतो. खाली यंत्र चालू होतं, त्याचा ठोका जमिनीतून पायाला लागत होता.

“कपाटाची किल्ली काही दिवस माझ्याकडे राहू द्या,” मालक म्हणाले.

आरोप नाही, आवाज चढवणं नाही. सरांनी सदऱ्याच्या आत हात घालून किल्ली सोडवली. गाठ लवकर सुटेना. मालक दुसरीकडे बघत उभे राहिले. किल्ली टेबलावर ठेवून सरांनी चष्म्याची घडी केली, लाल पेनाला टोपण लावलं, चपला घातल्या आणि आमच्या मधून जिना उतरून गेले. दुपारचे अजून बरेच तास बाकी होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

“आता खात्री करायची एकच जागा उरली,” माझा जोडीदार म्हणाला. मालकांनी बाईंकडे जायला मनाई केली होती. पण सुकापूर आमच्या वसाहतीला लागूनच आहे. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं पायी निघालो.

बाईंचं घर शेताच्या कडेला होतं. एकमजली, पुढे पडवी. पडवीत बाई सुपात काहीतरी निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक म्हातारी कातकरीण पाय पसरून बसली होती. आम्ही कचेरीतून आलोय म्हटल्यावर बाई खूश झाल्या. “पुस्तक आलं?”

मी मुंबईचं पुस्तक पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिलं. त्या दचकतील, चिडतील, असं मला वाटलं होतं. त्या हसल्या.

“आलं का हे? मला कळवलंसुद्धा नाही त्यांनी.”

“तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“माहीत काय, मीच दिलं. कार्बन लावून टाइप केलेली दुसरी प्रत होती माझ्याकडे. तुमच्या मालकांकडे किती वर्षं पडून होतं! विचारायला गेलं की चहा मिळायचा. ना करार, ना काही. माझ्याबरोबर हिंडलेल्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या. दोघी तर गेल्याही. मी त्यांना शब्द दिला होता की तुमची नावं पुस्तकात येतील. मग मुंबईहून एक गृहस्थ आले. म्हणाले, तुमच्याकडे असं असं लिखाण आहे असं पनवेलात ऐकलं, आम्ही लगेच छापतो. दिलं.” त्या पुस्तक चाळत होत्या. “ह्यात चोरी कसली? माझंच लिखाण.”

“कुणाकडून ऐकलं, ते म्हणाले?” मी विचारलं.

“ते नाही विचारलं बाई मी.”

तेवढ्यात त्यांचा हात थांबला. त्या मुखपृष्ठाकडे परत गेल्या. मग पहिलं पान, दुसरं पान. पुन्हा पहिलं. चष्मा पुसून पुन्हा.

“माझं नाव कुठाय?”

मी ‘संकलन: संपादक मंडळ’ ह्या ओळीवर बोट ठेवलं.

“असू दे माझं. ह्यांची नावं? मी एक पूर्ण पान लिहून दिलं होतं. सगळ्यांची नावं, वाड्यांसकट.”

म्हातारीने मान वर केली. “काय झाला बाय? हाय ना त्यात आमचा नाव?”

बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. शेवटी ओव्याच्या त्यानेच सांगितलं, तिच्याच बोलीत. “ह्यात नाय आजी. आमी छापतो त्यात हाय. मी सोता बघितलाय.”

ते खरं होतं. ते पान आमच्या गठ्ठ्यात पहिलंच होतं.

मालकांना सांगितल्यावर ते खूप ओरडले. बाईंवर, मुंबईवर, आमच्यावरही, की सांगितलं नसताना गेलात कशाला. आणि मग खाली बसले. “करार केला नव्हता मी,” एवढंच पुटपुटले. मुंबईच्या प्रकाशकाला त्यांनी कडक भाषेत लिहिलं. तिकडून उत्तर आलं की रानभाज्यांवर कुणाची मालकी नसते. त्यावर काय करणार होतो? बाईंशी मात्र ह्या वेळी रीतसर करार झाला. त्याचा मसुदा मी लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला करार.

सरांकडे मालक गेले नाहीत. कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात पडून राहिली. आम्हीच दोघं सरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. सर बाकावर बसून ऐकत होते.

“बाईंची चूक नाही. मालकांचीही नाही फारशी. त्यांनी संशय घ्यायलाच हवा होता.”

“मग या ना उद्यापासून,” मी म्हणाले.

“नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. किल्ली मागितली.” मग म्हणाले, “प्रूफं आणत जा. तुमचं शिक्षण अजून कच्चं आहे.”

मग असं सुरू झालं. रानभाज्यांची प्रूफं मी घरी जाताना सरांकडे टाकायची, सकाळी येताना उचलायची. मालकांपासून लपवून. लाल शाईतलं अक्षर सरांचं आहे हे कुणालाही दिसलं असतं, म्हणून मी त्या सगळ्या दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीवर माझ्या हाताने उतरवून काढायची. आता पिशवीत खरोखरच कचेरीचे कागद असायचे, आणि मालक जिन्याजवळ असले की मी पिशवी पलीकडच्या हातात घ्यायची. त्यांना कळलंय का? कळलं नसेल तर ते असे का बघतात? कळलं असेल तर गप्प का?

एकदा भर पावसाळ्यात मी निघताना त्यांनी मला हाक मारली. मी पिशवी छातीशी धरली. त्यांनी खणातून प्लॅस्टिकची मोठी पिशवी काढून माझ्यापुढे धरली.

“ह्यात घाल. मागच्या वेळी कोपरे भिजून आले होते.” आणि मी जिन्यात पोचल्यावर मागून म्हणाले, “त्यांना म्हणावं, निर्देशसूचीही त्यांनीच बघावी.”

मी सरांना तसं सांगितलं. निर्देशसूची त्यांनी दोनदा वाचली.

पुस्तक निघालं त्या दिवशी आम्ही प्रती घेऊन बाईंच्या पडवीत गेलो. मालक आले होते, सरही त्यांचे ते चालत आले. वाडीवरच्या पाच-सहा जणी आल्या होत्या. बाईंनी नावांचं पान मोठ्याने वाचलं. आपलं नाव आलं की प्रत्येक जण तोंडाला पदर लावून हसायची. ती म्हातारी मात्र हसली नाही. तिने माझ्याकडून आपल्या नावाची जागा समजून घेतली आणि ओव्याच्या त्याला बोलावून पुन्हा तीच जागा विचारली. दोघांनी दाखवलेली जागा एकच आहे अशी खात्री झाल्यावर पुस्तक पदराखाली घेतलं. मालक आणि सर एका बाकावर बसले होते. कागद जरा पिवळट आलाय, असं सर म्हणाले. पुढच्या वेळी बघू, असं मालक म्हणाले. किल्लीचं नाव कुणी काढलं नाही.

परतताना आम्ही तिघं मालकांबरोबर रिक्षात होतो. मालक पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलायला लागले. आज आम्ही काय छापलं, ते कसं कुणालाच जमलं नसतं. आणि आता पुढे काय येतंय! एक निवृत्त बंदर अधिकारी आहेत, उरणला राहतात, जुन्या गलबतांवर लिहिलंय त्यांनी, अजून कुणाला माहीतही नाही. रिक्षावाला “हो का?” म्हणत होता. मालक घराची खूणही सांगत होते.

माझा जोडीदार माझ्याकडे बघत होता. ‘पनवेलात ऐकलं’ हे बाईंचे शब्द आम्हा दोघांनाही आठवले होते. मी सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

“साहेब,” ओव्याचा तो म्हणाला, “त्यांच्याशी करार झालाय का?”

मालक मागे वळले.

“नाही अजून,” ते म्हणाले. “उद्या करू. तू जाशील?”

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने उरणला गेला आणि सही घेऊन आला. वर्षभराने तो अलिबागच्या एका वर्तमानपत्रात लागला. मी पुढे बरीच वर्षं त्याच कचेरीत राहिले. खिळे वितळवायला गेले आणि त्यांच्या जागी संगणक आले तोवर. सरांनी पुन्हा तो जिना चढला नाही. मालकांनी त्यांना वर या म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. मात्र दिवाळीच्या आधी छापून आलेलं प्रत्येक नवं पुस्तक मालक स्वतः एका कागदात गुंडाळायचे, वर काही न लिहिता माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि मी ते कुणाकडे न्यायचं हे कधी सांगायचे नाहीत.